गरम डोक्यांचा बाजार

यंदाच्या अंकाचा विषय पंचमहाभूतं, असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तोवर पृथ्वी एका भूगर्भतज्ज्ञांकडे आणि आकाश एका खगोल अभ्यासकांकडे गेलं होतं. उरलेल्यांपैकी काय घेता, असं त्यांनी विचारलं. वारा, पाणी आणि आग तिन्ही सध्या एकाच पेटीत कोंडलेली आहेत, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं मी प्रेशर कुकरवर लिहिणार. मी बोलत होतो गेमिंग कॉम्प्युटरबद्दल. लाखभर रुपयांचं मशीन जुळवायला निघालेला अठरा वर्षांचा मुलगा ग्राफिक कार्ड पाच मिनिटांत ठरवतो, कारण ते खिशावरच ठरतं. अडतो तो कूलरपाशी. प्रोसेसर गार ठेवायला हवेचा कूलर घ्यावा की पाण्याचा, यावर मित्रांत भांडणं होतात, बापलेकांत अबोला होतो. ती भांडणं ऐकायची तर लॅमिंग्टन रोडला जायला हवं.

ग्रँट रोडच्या पूर्वेला

कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही हटलेला नाही. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला तो हाच रस्ता. नाझच्या इमारतीत सिनेमाचे वितरक बसत. आता ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून इथे पोचलं की पायाखाली थर्माकोलचे तुकडे येतात, हमालांच्या डोक्यावर मॉनिटरची खोकी हलत असतात आणि दर चार पावलांवर कुणीतरी "लॅपटॉप? सीसीटीव्ही? ग्राफिक कार्ड?" असं पुटपुटत सोबत चालू लागतं.

मी बसलो ते दुकान पहिल्या मजल्यावरचं, चार गिऱ्हाइकं उभी राहिली की पाचव्यानं जिन्यात थांबायचं, एवढं. एका भिंतीशी हवेचे कूलर. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि तोंडावर पंखा. त्यांची खोकी मिटलेली, धूळ खात पडलेली. समोरच्या काचेच्या कपाटात पाण्याचे. इथे त्यांना कुणी लिक्विड म्हणतं, कुणी एआयओ. पंप, दोन रबरी नळ्या आणि तीन पंख्यांचा लांबलचक रेडिएटर, सगळं कारखान्यातच जोडून, आत द्रव भरून बंद केलेलं. पंपाच्या डोक्यावर गोल पडदा, त्यावर नाचणारं मांजर. पंखे घडीत गुलाबी, घडीत निळे.

बदलापूरहून बापलेक आले होते. मुलानं फोनवर यादीच करून आणली होती: रायझन ५ ७६००, आरटीएक्स ४०६० आणि ३६० मिलिमीटरचा पडदेवाला लिक्विड. वडील कुठल्याशा वर्कशॉपमधले असावेत, त्यांचा पहिला प्रश्न तसाच होता.

"पाणी आणि वीज लांब ठेवायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. तुम्ही दोन्ही एका डब्यात घालताय?"

"काका, सीलपॅक असतं. पाच वर्षं वॉरंटी."

"आणि सहाव्या वर्षी?"

दुकानदार नुसता हसला. मुलगा म्हणाला, "बाबा, तोवर आपण अपग्रेड करू." या 'आपण'वर वडिलांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि ते दोघं हिशेब करायला खाली चहाच्या टपरीवर गेले.

हिशेब खरं तर साधा होता. मुलाच्या यादीतला प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. पूर्ण ताण दिला तरी तो ८८ वॅटच्या पलीकडे जात नाही, आणि खेळताना तेवढेही लागत नाहीत. कंपनी त्याच्या खोक्यात एक छोटा कूलर फुकट घालून देते. यादीतल्या लिक्विडची किंमत मात्र जवळजवळ त्या प्रोसेसरइतकीच. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. "दोन-अडीच हजारांच्या हवेच्या कूलरवर या चिपचं आयुष्य निघेल," तो म्हणाला. "पण काचेचं कॅबिनेट घेतलं की आत काहीतरी दिसायला पाहिजे ना साहेब. कॅबिनेटला काच आली, तिथून लिक्विड चालायला लागला."

शोभेसाठी पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. दिवाळीच्या अंकात तर ते म्हणूच नये. फक्त तो खर्च थंडाव्याच्या खात्यावर मांडू नये.

सत्तर चौरस मिलिमीटर

३८६ च्या काळात प्रोसेसरवर पंखा सोडाच, साधा धातूचा तुकडाही नसे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला पंधरा वॅटच्या आसपास वीज लागायची, म्हणून त्याच्या डोक्यावर बोटभर पंखा आला. २००४ मध्ये पेंटियम ४ ची प्रेस्कॉट नावाची पिढी शंभर वॅटच्या पुढे गेली, आणि तिच्या पुढची टेजास तर इंटेलनं बाजारात न आणताच त्याच वर्षी गुंडाळली. वेग वाढवत न्यायचा तर उष्णता आवरेना, हे एक मोठं कारण. मग एकाऐवजी अनेक कोअर आले, काही वर्षं बरी गेली, आणि आता आय९-१४९००के या प्रोसेसरची अधिकृत कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी बरेच दिवस तीही मर्यादा मोकळी सोडून ठेवली होती.

पण निव्वळ वॅटच्या आकड्यानं फसगत होते. खोली तापवायच्या हीटरला हजार वॅट लागतात आणि त्यानं काही वितळत नाही, कारण त्याची तार लांब असते. इथे अडचण जागेची आहे. रायझन ७००० मालिकेत आठ कोअर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसतात, त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर बाजूच्या चौकोनाएवढं. एवढ्याशा जागेतून शंभरेक वॅट बाहेर पडायचे, तेही सिलिकॉन, वरचं धातूचं झाकण, मग उष्णता वाहणाऱ्या पेस्टचा थर असे नाके ओलांडत. नाक्यावरच गर्दी झाली तर पुढचा रस्ता कितीही रुंद असून उपयोग नाही. म्हणूनच या मालिकेतले मोठे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांवर जाऊन टेकतात, हवेच्या कूलरखाली आणि पुष्कळदा लिक्विडखालीही. ते त्या तापमानाला चालावेत अशीच रचना केली आहे, असं एएमडीचं म्हणणं. ९५ आकडा पाहून मुलं मात्र घाबरतात आणि आणखी मोठा कूलर शोधायला लागतात.

नाके ओलांडून उष्णता तांब्याच्या तळाशी आली की दोन वाटा फुटतात, आणि इथे एक गंमत आहे जी काउंटरवर कुणी सांगत नाही. हवेच्या कूलरमध्येही पाणी असतं. त्या तांब्याच्या नळ्या भरीव नाहीत, नुसत्या पोकळही नाहीत. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून त्या बंद केलेल्या असतात. हवा नसल्यानं पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. या युक्तीचं पेटंट जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलरनं १९४० च्या दशकात घेतलं आणि ती तशीच पडून राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हरनं ती नव्यानं उभी केली, तिथून ती उपग्रहांत गेली, आणि आज दोन हजार रुपयांच्या खोक्यात मिळते.

लिक्विडमध्ये हेच काम पंप करतो. एवढ्याच आकारमानाच्या हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता पाणी पोटात घेतं, त्यामुळे वाहून न्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण वाहून न्यायचं ते कुठे? रेडिएटरपर्यंत. तिथे पुन्हा ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि पंखेच. दोन्ही वाटांनी शेवटचा हप्ता हवाच भरते, आणि ती हवा ज्या खोलीची असेल, त्या खोलीपेक्षा प्रोसेसर कधीच गार होत नाही. लिक्विडला बर्फाचं पाणी समजून विकत घेणारे पुष्कळ भेटले. आतलं पाणी खेळ सुरू झाल्यावर कोमट असतं.

पाच मिनिटांची परीक्षा

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास मशीन जुळवून देणारे आणि दुरुस्त करणारे बरेच आहेत. त्यांतल्या एकाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी बराच वेळ घालवला. अभियांत्रिकी अर्धवट सोडलेला, पस्तिशीचा माणूस. गिऱ्हाईक त्याला दादा म्हणतं. विकण्यापेक्षा उघडण्यात त्याला रस जास्त. टेबलावर दोन सारखी मशीन होती, एकात दोन पंख्यांचा हवेचा कूलर, दुसऱ्यात ३६० चा लिक्विड. त्यानं दोन्हींवर एकदमच ताण लावला.

हवेच्या कूलरखालचा आकडा दीड-दोन मिनिटांत चढला आणि तिथेच थांबला. लिक्विडचा आकडा रमतगमत वर जात राहिला. "दुकानात एवढंच दाखवतात," दादा म्हणाला. "पाच मिनिटं. गिऱ्हाईक खूश." लिक्विडमधल्या पाण्याला तापायलाच वेळ लागतो. ते वीस-पंचवीस मिनिटांत तापलं, की खरा सामना सुरू होतो. आम्ही चहा घेऊन, खालून एक फेरी मारून आलो तोवर दोन आकडे जवळ आले होते. लिक्विड पुढे होता, पण अंतर एक आकडी उरलं होतं. त्याच्या टेबलावरचं ते मशीन मध्यम वॅटचं होतं. २५३ वॅटच्या प्रोसेसरवर सतत रेंडरिंग लावलं तर मोठा रेडिएटर स्पष्ट सरस ठरतो, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

पाण्याच्या या संथपणाचा एक फायदा मात्र खेळणाऱ्यांना होतो. खेळात ताण सलग नसतो, धक्क्याधक्क्यानं येतो. हवेच्या कूलरचा पंखा त्या धक्क्यांबरोबर घूंऽ करून वर जातो, खाली येतो. पाणी ते धक्के गिळतं, पंखे एका लयीत फिरतात. ज्याला आवाजाचा त्रास होतो त्याच्यासाठी हे महत्त्वाचं. पण परदेशी परीक्षक बंद, शांत खोलीत डेसिबल मोजतात. आपल्याकडे डोक्यावर छताचा पंखा पूर्ण वेगात चालू असतो. दादाच्या खोलीतही होता. त्याखाली दोन्ही मशीनच्या आवाजातला फरक मला ऐकू आला नाही.

मग त्यानं एक मेलेला लिक्विड काढला. पंपाचा तळ उघडल्यावर आत तांब्यात केसाएवढ्या बारीक खाचा दिसायला हव्या होत्या. दिसला तो हिरवट-पांढरा चिकट गाळ. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, तळ तांब्याचा, मध्ये पाणी. असे दोन धातू एका पाण्यात आले की झीज होणारच. ती रोखायला ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं घालतात, पण वर्षांगणिक त्यांचं बळ सरतं. शिवाय रबरी नळ्यांतून पाणी अगदी हळूहळू, थेंबही न दिसता, उडून जातं. त्याची जागा हवा घेते. हवेचा बुडबुडा सगळ्यात उंच जागी जाऊन बसतो, आणि ती उंच जागा पंपाची असेल तर पंप कोरडा फिरून मरतो. म्हणून रेडिएटरचा माथा पंपापेक्षा वर असायला हवा. कित्येक कॅबिनेटांत तो चुकीचा बसवलेला असतो, दादाच्या मते निम्म्या तक्रारी तिथल्याच.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २००४ मध्ये ॲपलनं पॉवर मॅक जी५ पाण्यानं थंड करून विकला. काही वर्षांनी त्यांतली बरीच मशीन गळू लागली. जर्मनीच्या आर्क्टिकनं २०२२ मध्ये स्वतःहून जाहीर केलं की आपल्या एका मालिकेतल्या रबरी सीलमुळे तांब्याचा तळ खराब होऊ शकतो, आणि गिऱ्हाइकांना दुरुस्तीचं साहित्य फुकट पाठवलं. दुकानाच्या कपाटातले वेगवेगळ्या नावांचे कितीतरी लिक्विड वर्षानुवर्षं आतून एकाच डॅनिश कंपनीचे होते, हे तर फार थोड्यांना माहीत असतं. आसेटेकनं पंप आणि तळ एका डबीत बसवण्याचं पेटंट घेतलं होतं. कॉर्सेरचा २००९ मधला एच५० तिचाच, आणि त्या पेटंटवरून तिनं अमेरिकेत कूलर मास्टरला न्यायालयात खेचून २०१४ मध्ये ज्यूरीचा कौलही मिळवला.

गळती तशी विरळाच, पंप थकणं जास्त. वॉरंटी असते, पण ती असणं आणि मिळणं यांत सर्व्हिस सेंटरचा काउंटर आणि काही आठवडे असतात. तेवढे दिवस मशीन बंद. त्यासाठी दादानं एका पेटीत जुने फुकटचे कूलर साठवलेत. लिक्विड गेलेल्याला तो एक उसना देतो. "परत आणायला विसरतात," तो म्हणाला. "चालतंय की त्यावर, मग कशाला आणतील?" हवेच्या कूलरचं काय बिघडतं, असं विचारलं तर म्हणाला, पंखा. पाचशे-सातशेत नवा बसतो.

मे महिन्यातलं नागपूर

मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. या गावात कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. मी ज्या घरी गेलो तिथेही तो होता. वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब, आणि कोपऱ्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाचं मशीन, आत २४० चा लिक्विड. त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "खिडकीत पाण्याचं कूलर, पेटीत पाण्याचं कूलर. तरी हे पोरगं म्हणते गरम होते. मंग गरमी येते कुठून?"

प्रश्न नेमका होता. खिडकीतला कूलर पाणी उडवून देतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, त्यामुळे ४५ अंशांची कोरडी हवा आत येताना २८-३० अंशांपर्यंतही उतरते. त्याची टाकी रोज भरावी लागते, हीच त्या थंडाव्याची किंमत. पेटीतला लिक्विड बंद असतो, त्यातलं पाणी असं उडत नाही, म्हणून त्याला खोलीच्या खाली उतरता येत नाही. मुलानं टेबलावर साधा थर्मामीटर ठेवला होता: ३६. ज्या परीक्षणांवरून त्यानं खरेदी केली होती ती २१-२२ अंशांच्या वातानुकूलित खोल्यांत झालेली. मधले चौदा-पंधरा अंश जसेच्या तसे प्रोसेसरच्या आकड्यात येऊन बसतात. लिक्विड घ्या, हवेचा घ्या, ते तिथे येणारच.

त्यानं कॅबिनेट कूलरच्या ऐन झोतात ठेवलं होतं, गार वारा लागावा म्हणून. आकडा खरंच उतरला होता. पण झोताबरोबर दमट हवा आणि खाऱ्या पाण्याचे बारीक तुषारही येत होते, आणि रेडिएटरच्या पत्र्यांवर पांढुरकी पूड धरली होती. मी काही बोलण्याआधी त्यानंच ती बोटानं पुसून दाखवली.

आणि गरमी येते कुठून, याचं उत्तर प्रोसेसरपेक्षा ग्राफिक कार्डापाशी आहे. त्याच्या मशीनमधलं आरटीएक्स ४०७० दोनशे वॅट खातं, खेळताना प्रोसेसरच्या दुप्पट-तिप्पट. सगळ्यात वरचं आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटचं. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच सुटते; त्यात कूलरच्या जातीनं नावापुरताच फरक पडतो. मॉनिटरसकट चारशे वॅटचं मशीन चालू करणं म्हणजे त्या बंद खोलीत चार पाहुणे आणून बसवणं. बसल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट बाहेर पडतात. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, त्याच्या दृष्टीनं हे किरकोळ. ज्या घरात एसी नाही तिथे मात्र पाहुणे रात्री एकपर्यंत हलत नाहीत.

कार्डाची ही उष्णता आधी कॅबिनेटमध्ये सुटते, हे निवडीच्या दृष्टीनं महत्त्वाचं. हवेचा कूलर कार्डाच्या डोक्यावर बसलेला असतो आणि त्याची गरम हवाच आत ओढतो. रेडिएटर समोरच्या बाजूला लावला तर त्याला बाहेरची ताजी हवा मिळते, पण मग त्यातून निघालेली तापलेली हवा कार्डाला मिळते. वर लावला तर उलट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही ताजी हवा हवी असेल तर उपाय कॅबिनेटच्या जाळीत आहे. पुढची बाजू अख्खी काचेची असलेल्या पेटीत महागडा लिक्विड गुदमरताना मी पाहिला, आणि साध्या जाळीच्या पेटीत चार हजारांचा हवेचा कूलर निवांत.

धूळ, उदबत्ती आणि ट्रॅव्हल्सची डिकी

आपल्याकडचा खरा शत्रू धूळ, आणि ती एकटी येत नाही. देवघर आणि मशीन एकाच खोलीत असेल तर उदबत्तीचा धूर, डासांच्या कॉइलचा धूर, स्वयंपाकघराकडून येणारी फोडणीची तेलकट वाफ. या तेलकटपणावर धूळ बसली की ती ब्लोअरनं उडत नाही, ब्रशनं खरवडावी लागते. रेडिएटरचे पत्रे दाट, त्यामुळे तो लवकर तुंबतो आणि पंखे आड असल्यानं दिसतही नाही. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं. ते भन्नाट फिरलेलं बघायला मजा येते, पण बेअरिंग जातं.)

लिक्विडच्या बाजूनं सगळ्यात खणखणीत मुद्दा मात्र मला लॅमिंग्टन रोडच्याच एका पॅकिंगवाल्याकडून मिळाला. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ हा हवेच्या कूलरांतला बादशहा. पंख्यांसकट वजन १३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर. हे सव्वा किलोहून जास्त ओझं मदरबोर्डला आडवं लटकलेलं असतं. मशीन घरात उभं असेल तर काही होत नाही. पण जुळवलेलं मशीन रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नांदेडला पाठवायचं असेल, आणि मध्ये रस्त्याचं काम चालू असेल, तर? पॅकिंगवाला अशा मशीनच्या पोटात फोम ठासून भरतो आणि वर तांबड्या शाईनं लिहितो, फोम काढल्याशिवाय चालू करू नये. लिक्विडचं वजन कॅबिनेटच्या सांगाड्यावर असतं, बोर्डावर फक्त हलका पंप. लांबच्या प्रवासाला तो बरा. छोट्या कॅबिनेटात उंच कूलर मावत नाही, किंवा मेमरीच्या दिव्यांच्या पट्ट्या आड येतात, तिथेही त्याचाच हात धरावा लागतो.

पाणी जिथे शोभतं

पाण्याला पर्यायच उरत नाही अशा जागा आहेत, पण त्या बदलापूरच्या बेडरूममध्ये नाहीत. १९८५ चा क्रे-२ महासंगणक तर आख्खा एका खास, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असे. अमेरिकेनं आपल्याला हवा तो क्रे दिला नाही, त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० झाला, ही गोष्ट मराठी वाचकांना पाठ आहे. त्याच वंशातला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसला; त्यात पाण्याच्या नळ्या थेट चिपवरच्या पट्ट्यांपर्यंत नेल्या आहेत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरवाल्यांपुढेही आता हाच प्रश्न मोठ्या मापात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनव्हिडियानं काढलेलं जीबी२०० चं एक कपाट सुमारे १२० किलोवॅट खातं. तेवढी उष्णता कपाटाएवढ्या जागेतून वाऱ्यानं काढायची म्हटली तर आत वादळच सोडावं लागेल. तिथे पाणीच.

घरगुती मशीनमध्ये त्याच्या थोडं जवळ जाणारे लोक म्हणजे सलग तासन्‌तास रेंडरिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणारे आणि सोबत खेळणारे. निव्वळ खेळणाऱ्यासाठी मी तरी हवेचाच कूलर सुचवेन, आणि वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात घालायला सांगेन. खेळांसाठी नावाजलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डी ला खेळताना शंभर वॅटही लागत नाहीत. अशा प्रोसेसरवर तीन पंख्यांचा रेडिएटर म्हणजे निव्वळ हौस.

बायॉसमधली एक ओळ

तपकीर गल्लीच्या दादाकडे मी असतानाच एक जण मशीन स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, रात्री व्हॅलोरंट खेळणारा. प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, वर चांगला दोन पंख्यांचा हवेचा कूलर. तक्रार अशी, की एडिटिंगला लागलं की आकडा ९५, पंख्याचा आवाज हॉलपर्यंत आणि खोलीत बसवत नाही. लिक्विडसाठी बजेट काढून आणलं होतं त्यानं.

दादानं झाकण उघडून आधी ब्लोअर मारला, मग बायॉस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचं पान, उघडलं. हा प्रोसेसर मोकळा सोडला तर २३० वॅटपर्यंत जातो. इको मोडमध्ये त्याला १०५ वॅटच्या वर्गात बसवता येतं. मग तो १४२ वॅटवर थांबतो. वेगाचे शेवटचे काही टक्के काढण्यासाठी हे प्रोसेसर फार जास्त वीज जाळतात, आणि कारखान्यातून येताना ते त्याच टोकाला लावलेले असतात, कारण परीक्षणांतल्या आलेखांत ते टोक दिसतं. मर्यादा उतरवली की जड एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो. खेळात फरक शोधून काढावा लागतो. आणि इतका वेळ ज्या उष्णतेची वाट लावायची कशी यावर सगळे भांडत होते, ती इथे मुळात तयारच होत नाही. खोलीही तेवढीच कमी तापते, जे जगातला कुठलाही कूलर करू शकत नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. त्याचं कालचं अर्धवट एक्सपोर्ट लावलं. आकडा सत्तरीत जाऊन थांबला, पंखा कण्हायचा बंद झाला.

"मग लिक्विड कुठला घेऊ?" त्यानं विचारलं.

"आहे तोच राहू दे. जाळी दर महिन्याला पूस."

"पैसे किती झाले, दादा?"

"तीनशे."

"एका सेटिंगचे तीनशे?"

"सेटिंग फुकट आहे," दादा स्क्रू आवळत म्हणाला. "ब्लोअरचे आहेत."